नसलेल्याचा डाव

१

दर शनिवारी संध्याकाळी लिफ्टवाल्याच्या घरी पट मांडला जायचा. हे इतकं ठरलेलं होतं की चौघांपैकी कुणी शनिवारी मरायचं म्हटलं असतं, तर बाकीच्यांनी आधी विचारलं असतं, "मग डावाचं काय?"

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. शहरभरच्या लिफ्ट हा गडी सुरळीत ठेवायचा आणि स्वतःच्या इमारतीतली तेवढी कायम बंद. चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचलेल्या पाहुण्याला दारातच विचारायचा, "हे काय, लिफ्टने नाही आलात?" वर्षानुवर्षं हाच विनोद, आणि दरवेळी पहिला हसणार तो स्वतःच. त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण राहायची. ती इस्पितळात नर्स. म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणायचे, सख्खा भाऊसुद्धा. या दोघांखेरीज दाढोबा आणि दाढोबाची बायको. झाले चार.

दाढोबा हे नाव लिफ्टवाल्यानेच ठेवलेलं. हा माणूस दातांचा कारागीर होता. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवणार, आणि हा आपल्या खोलीत दिवा ओढून घेऊन त्या ठशावरून कवळ्या न् कॅपा करणार. कामाला वाघ. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे, असं तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त स्वतःचं हसू त्याने कुठे ठेवलं होतं देव जाणे. बायको चष्म्याच्या दुकानात होती. लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवून द्यायचा आणि "आता दिसतंय ना?" असं विचारायचं, हे तिचं काम.

खेळाचं नाव 'सात बंदरं'. जुनाच खोका. पटावर समुद्र, काठाने बंदरं, फासे टाकून गलबत हाकायचं, माल घ्यायचा, विकायचा आणि मुख्य म्हणजे घासाघीस करायची. खेळाचा सगळा जीव त्या घासाघिशीत. डाव संपला नाही तर पुढच्या शनिवारी तिथूनच पुढे. खोक्यातली मूळची गलबतं कधीच हरवली होती. मग दाढोबाने नवी केली, कवळीच्या गुलाबी मसाल्याची, आणि शिडाच्या जागी एकेक पांढरा दात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला शिसारी यायची. या चौघांना मात्र त्याच्याशिवाय खेळ गोड लागत नसे.

आणि त्यांचा एक रिवाज होता. सिस्टरला पूर्वी सारखी रात्रपाळी लागायची, तेव्हापासूनचा. जो आला नाही त्याची खुर्ची मांडायची, त्याचा चहा ओतायचा, त्याचे फासे कुणीतरी टाकायचे आणि त्याची घासाघीस त्याच्याच ढंगात, त्याच्याच आवाजात करायची. याला म्हणायचं नसलेल्याचा डाव. 'तो आज नाही' हे वाक्य तोंडातून काढायला बंदी. त्याचा फोन आला तर उत्तर ठरलेलं, "काळजी करू नकोस, तुझा डाव छान चाललाय." आणि त्याच्या नावाने जे काही खेळलं जाईल ते त्याने पुढच्या वेळी मुकाट्याने मान्य करायचं. नसलेल्याने तक्रार करायची नाही.

हा रिवाज आजवर सिस्टरच्याच वाट्याला आला होता. दाढोबा कधी चुकलाच नव्हता. तो जिंकायला यायचा. जिंकला नाही तर घरी जाईपर्यंत तोंडाचा चंबू.

२

मग तो एकदा चुकला. एका बाईंचं रविवारी सकाळी मोठ्या सभेत भाषण होतं आणि आदल्या दिवशी दुपारी त्यांची कवळी पडून दुभंगली. डॉक्टरांनी दाढोबाला गळ घातली. तो बायकोला म्हणाला, "तू हो पुढे. माझा डाव खेळा. आणि माझं लाकूड कुणाला स्वस्तात विकू नका."

"बरं बाबा," ती म्हणाली.

संध्याकाळी मसाला घट्ट व्हायची वाट बघताना त्याने फोन लावला. लिफ्टवाल्याने उचलला खरा, पण त्याला बोलता येईना, इतका हसत होता. मागे सगळी खोली हसत होती. बायकोचा आवाज त्याला त्यात ओळखू आला, आणि बराच वेळ तो नुसता कानाला फोन लावून उभा राहिला. ही अशी हसते? पोट धरून? आपल्यासमोर शेवटची कधी हसली होती?

"काय चाललंय काय?" त्याने विचारलं.

"काळजी करू नकोस," लिफ्टवाला डोळे पुसत असावा, "तुझा डाव छान चाललाय."

बायको आली ती गुणगुणत आली. गाल लाल, केस सुटलेले. चप्पल काढता काढता म्हणाली, "काय हसवलंस रे आज!" मग त्याच्याकडे पाहून थबकली. त्याच्या हाताला पांढरी भुकटी, कमरेला कामाचा ॲप्रन तसाच.

"म्हणजे, तुझ्या डावाने," ती म्हणाली आणि आत गेली.

त्याला बारीकसं काहीतरी टोचलं. खड्यावर पाय पडावा तसं. त्याने ते झटकून टाकलं. बायको मैत्रीत चार घटका हसली तर नवऱ्याने तोंड वाकडं करायचं, इतका काही आपण हलका नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. बजावावं लागलं, इथेच खरं तर त्याला कळायला हवं होतं.

३

पुढच्या शनिवारी चार मजले चढून तो आत शिरला. लिफ्टवाला तयारच होता. "हे काय, लिफ्टने नाही आलात?"

"बंद आहे."

"गेल्या शनिवारी चालू होती की! तुझं नशीबच फुटकं." आणि हसला.

पट मांडलेला होता. सिस्टर गेल्या डावाची गलबतं जिथल्या तिथे ठेवत होती. दाढोबाने आपलं गलबत पाहिलं आणि तो चपापला. ते बायकोच्या गलबताला लाल दोऱ्याने बांधलेलं होतं.

'सात बंदरं'मध्ये जोडी बांधायची सोय होती. दोघांनी ठरवून दोरा बांधायचा, मग दोन्ही गलबतं बरोबर जाणार, वादळ आलं तर दोघांना, माल मिळाला तर निम्मा निम्मा. दाढोबाने आयुष्यात कधी जोडी बांधली नव्हती. बायकोने सुरुवातीला दोन-चारदा विचारलं होतं. "निम्मं जिंकून काय करायचं?" म्हणून त्याने उडवून लावलं होतं. पुढे तिनेही विचारणं सोडलं.

"हे कुणी बांधलं?"

"तूच," सिस्टर म्हणाली. आणि तिघांनाही पुन्हा हसू फुटलं. एकाने सुरू केलं की दुसऱ्याला आवरेना. त्यांचं ते आपापसातलं हसू, आणि हा मध्ये परक्यासारखा.

"अरे काय तुझी ती घासाघीस!" लिफ्टवाला म्हणाला. "म्हणे, मला मसाले नकोत, लाकूड नको, तुझ्या गलबताच्या सावलीत जागा दे. आणि नाव काय रे ते? भिंगरी! वहिनीला भिंगरी! मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो."

दाढोबाचा हात फाशांवर तसाच राहिला. भिंगरी हे नाव त्याने लग्नाच्या आधी ठेवलेलं. चष्म्याच्या दुकानात ती भिंगांच्या खोक्यांमधून इतकी भिरभिरायची, म्हणून. ते नाव दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. ते त्याने शेवटचं कधी उच्चारलं हे त्याला स्वतःला आठवत नव्हतं. म्हणजे हिनेच सांगितलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर.

"माझा आवाज काढत होतं कोण?" त्याने शक्य तितक्या सहज विचारलं.

"वहिनी," लिफ्टवाला म्हणाला.

"मी कुठे? सिस्टर काढत होत्या."

"मला काय येतंय गं आवाज काढायला?" सिस्टर म्हणाली. "याला विचारा. हाच नकलाकार."

"आईशप्पथ मी नाही. मी तर हसतच होतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सिस्टर म्हणाली, "जाऊ दे ना, सगळ्यांनीच थोडं थोडं केलं असेल. चहा घ्या, निवतोय." आणि खेळ सुरू झाला.

दाढोबाने त्या दिवशी हसवायचा खूप प्रयत्न केला. एक जुना किस्सा सांगितला, कवळी शिंकेबरोबर उडाल्याचा. सगळे हसले, पण ते पाहुण्याच्या विनोदाला हसतात तसं. बायको तर मधूनच आपलं गलबत बोटाने हळूच नीट करत होती, दोरा ताणला जाऊ नये म्हणून. तिच्या त्या बोटाकडे पाहत त्याने फासे जरुरीपेक्षा जोरात टाकले.

गुण मांडायची पेन्सिल त्याच्या बाजूला होती. तिचं टोक चावलेलं होतं. हिरव्या रंगाचे टवके उडालेले, आत लाकडावर दातांच्या खुणा. पेन्सिल चावायची सवय त्या घरात फक्त त्याला.

"नवी पेन्सिल आहे वाटतं?" तो म्हणाला.

"गेल्या शनिवारीच काढली," लिफ्टवाला म्हणाला. "आणि लगेच खाल्लीस, उंदरा."

दाढोबाने ती पेन्सिल गुपचूप खिशात टाकली.

४

दातांच्या खुणा हा त्याचा रोजचा धंदा. तुम्हीआम्ही माणसाला चेहऱ्यावरून ओळखतो, हा गडी चाव्यावरून ओळखायचा. सोमवारी खोलीचं दार लावून त्याने दिवा ओढला, पेन्सिल भिंगाखाली धरली, मग मेणाची पट्टी कोमट करून स्वतः चावली आणि दोन्ही शेजारी ठेवलं.

खालचे दात जुळले. खालचा एक दात जरा वळलेला होता त्याचा, तो वळसा जसाच्या तसा. म्हणजे आपणच चावली. बोलता बोलता, शनिवारी, आल्या आल्या. कळलंही नसेल. त्याला इतकं हायसं वाटलं की तो एकटाच हसला.

मग त्याने वरचे दात पाहिले.

वरचे जुळत नव्हते. मेणावर समोरचे दोन दात एकमेकांना चिकटून होते, एकसंध. पेन्सिलीवर त्या दोहोंमध्ये लाकूड तसंच शिल्लक होतं, एका बारीक उभ्या रेघेएवढं. म्हणजे चावणाऱ्याच्या समोरच्या दातांत फट होती.

दाढोबा खुर्चीत मागे टेकला. त्याला फट होती. पूर्वी. हसला की त्यातून बारीक शीळ निघायची, आणि ती ऐकून बायको आणखी हसायची. म्हणायची, तुला हसताना शिट्टी वाजते, दुधाच्या कुकरसारखी. पुढे कवळ्यांचा धंदा वाढला. डॉक्टरांसमोर बसायचं तर स्वतःचे दात हीच दुकानाची पाटी, असं त्याला वाटलं, आणि त्याने आपल्याच हाताने दोन कॅपा करून डॉक्टरांकडून बसवून घेतल्या. फट गेली. बायको तेव्हा एवढंच म्हणाली होती, "छान दिसतंय." चष्मा बसवून दिल्यावर गिऱ्हाईकाला म्हणते तसं.

फळीवर मागच्या रांगेत त्याचा स्वतःचा जुना जबडा होता, प्लास्टरचा, कॅपांच्या आधीचा. त्याने धूळ फुंकली आणि पेन्सिल त्या दातांत धरून पाहिली. खुणा त्यात अशा बसल्या की हात सोडला तरी पेन्सिल पडेना. प्लास्टरच्या त्या तोंडात ती आडवी धरलेली राहिली, आणि तो बघत बसला.

पोरकटपणा आहे, तो स्वतःशी म्हणाला. जुनी पेन्सिल असणार. लिफ्टवाल्याच्या खणात पडून असेल, कधी काळी आपणच चावलेली. तो कसला लक्षात ठेवतोय नवी का जुनी? हे अगदी पटण्यासारखं होतं. फक्त पेन्सिलीच्या टवक्यांखालचं लाकूड पांढरंशुभ्र होतं. ताजं. तेवढंच काय ते पटत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर भीती त्याला फारशी वाटलीच नाही. त्याला राग आला. आपण इथे दिव्याखाली डोळे फोडायचे, आणि तिकडे आपल्या खुर्चीत कुणीतरी मजा मारायची, आपल्याच दातांनी.

५

पुढच्या शनिवारी दाढोबा सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसला होता. खुर्चीत तो असा ठाण मांडून बसला होता जणू कुणी ती ओढून नेणार होतं.

पहिलीच पाळी त्याची आली. त्याने फासे टाकले, गलबत उचललं, आणि खिशातून कामाची बारीक कात्री काढून लाल दोरा कापला.

"अरे!" सिस्टर म्हणाली. "असं नाही करता येत. बांधलेलं आहे ते."

"मी नाही बांधलं."

"तुझ्या डावात बांधलंय. तक्रार नाही करायची, ठरलंय आपलं. मी किती वर्षं सोसलं! एकदा तर तुम्ही माझी दोन्ही बंदरं विकून टाकलीत, मी हूं की चूं केलं नाही."

"मला जोडी नको आहे. मी एकटा खेळतो."

लिफ्टवाल्याने दोन्ही हात वर केले. "बरं बाबा, खेळ. कशाला उगाच तोंड कडू करायचं."

बायकोने पटावरून दोऱ्याचा तुकडा उचलला, बोटाला गुंडाळला आणि तशीच खेळत राहिली. त्या दिवशी दाढोबा जिंकला. एकट्याने, पुरेपूर. टाळी कुणी दिली नाही.

जिना उतरताना ती म्हणाली, "मुद्दाम केलंस."

"खेळ आहे तो."

"हो ना. खेळच आहे. मग जळतोयस कुणावर?"

तो जिन्यात थांबला. "मी जळतोय? मी? मी नसताना तुम्ही तिघं मिळून माझी टिंगल करता, घरातली नावं बाहेर काढता..."

"मी नाव नाही काढलं."

"मग कुणी काढलं?"

"तू," ती म्हणाली. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा त्याला ठाऊक होता. हा तो नव्हता. "किती बरा होतास तू त्या दिवशी. मला वाटलं, आलास परत."

"मी नव्हतो तिथे!"

"हो," ती म्हणाली, "ते पण कळलं मला." आणि पुढे उतरायला लागली. तिच्या बोटावर तो लाल दोरा अजून तसाच होता.

घरी दोघं जेवले. तिने त्याला दोनदा वाढलं, काही हवं-नको विचारलं. भांडण असतं तर बरं झालं असतं, त्याला वाटलं. भांडणात निदान माणूस समोरच्याकडे बघतो. आणि त्याला पहिल्यांदाच स्पष्ट कळलं की हरायची पाळी आहे ती खेळातली नव्हे. ही बाई आपल्या हातून चालली आहे. आणि ज्याच्याकडे चालली आहे त्याला गचांडी धरून जाब विचारावा, तर धरायची कुणाची?

आठवडाभर त्याने आपल्या परीने प्रयत्न केला. एका सकाळी ती आरशापुढे असताना मागे जाऊन म्हणाला, "भिंगरी." नाव तोंडातून निघालं, पण दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं. तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. हसली, अगदी मनापासून हसायचा प्रयत्न केला तिने. ते त्याला जास्त लागलं.

६

शनिवारी त्याने काही झालं तरी जायचं ठरवलं होतं. नवा लाल दोरा विकत आणून खिशात ठेवला होता. स्वतःच्या हाताने बांधायचा, सगळ्यांसमोर, आणि म्हणायचं, चुकलं माझं. एवढं म्हणायला त्याला आठवडा लागला होता.

पण बायको पुढे गेली आणि तो निघता निघता एका डॉक्टरांचा माणूस कॅप परत घेऊन आला. चावताना उंच लागत होती, पेशंट तिकडे खुर्चीत तोंड उघडून बसलेला. घासून देणं भाग होतं. त्याने लिफ्टवाल्याला फोन लावला.

"अरे, मी जरा..."

"काळजी करू नकोस," लिफ्टवाला म्हणाला. मागे खोली हसत होती. "तुझा डाव छान चाललाय."

"अरे पण मी येतोय! थोडा उशीर, एवढंच. नाही येणार असं मी कुठे म्हणालो?"

पण पलीकडे हसण्याची मोठी लाट आली आणि फोन बंद झाला.

दाढोबाने कॅप कशीबशी घासली, माणसाच्या हातात कोंबली, आणि खोली उघडी टाकून निघाला. रस्त्यावर अजून उजेड होता. दुकानांच्या पाट्यांचे दिवे नुकते लागत होते. लोक हातात पिशव्या घेऊन निवांत चालले होते, त्यांना धक्के देत तो चालला. मनात हिशेब चालूच. सिस्टर आवाज काढते. नर्सबाई आहे, माणसं बघितलेली, येत असणार तिला. नाहीतर लिफ्टवाल्याने कुठे जुनं रेकॉर्डिंग ठेवलं असेल. हो, रेकॉर्डिंगच. बायको नाव सांगून विसरली असेल. आणि पेन्सिल जुनी. सगळ्याला कारण होतं. प्रत्येकाला वेगळं होतं, एवढंच.

इमारतीत शिरला तर लिफ्टच्या दारावरचा दिवा लागलेला. इतक्या वर्षांत त्याने तो लागलेला पाहिला नव्हता. आकडा चारवर स्थिर होता. कुणीतरी वर गेलेलं होतं.

त्याने बटण दाबलं. वर कुठेतरी कुरकुर झाली, पण लिफ्ट खाली आली नाही. मग तो जिन्याने चढला.

चौथ्या मजल्यावर दाराखालून पिवळा उजेड येत होता. दाढोबा धापा टाकत थांबला. आत फासे पडले. कपाची किणकिण झाली. मग कुणीतरी काहीतरी बोललं, हळू, शब्द कळले नाहीत, आणि त्याची बायको हसायला लागली. अगदी सुरुवातीच्या दिवसांत हसायची तशी, श्वास लागेपर्यंत. आणि तिच्या हसण्यात मिसळून दुसरं एक हसू आलं.

त्यात बारीक शीळ होती.

दाढोबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्या काट्याखालीसुद्धा, खोटं कशाला बोला, जळफळाटच होता. त्याने दार ठोठावलं. मूठ वळून, जोरात.

आतलं हसू थांबलं. एक खुर्ची मागे सरकली. आणि त्याने स्वतःचा आवाज ऐकला, सहज, घरच्या माणसाने सांगावं तसा. "बघ गं भिंगरी, कोण आहे ते."

पावलं आली. कडी निघाली.

७

तिने दार हातभरच उघडलं आणि त्या फटीत आडवी उभी राहिली. चेहऱ्यावर हसू अजून ओलं होतं. तिच्या बोटाला लाल दोरा गुंडाळलेला.

"अगं, मी आलोय," तो म्हणाला.

तिला धक्का बसला नाही. ती घाबरलीही नाही. दुकान बंद करता करता गिऱ्हाईक यावं तशी तिने त्याच्याकडे पाहिलं. वाईट वाटत होतं तिला, तेही त्याला दिसलं.

"दोरा आणलाय," तो म्हणाला आणि खिशात हात घालून धडपडत तो काढू लागला. "मी बांधतो. चुकलं माझं. सरक ना जरा."

ती सरकली नाही. पण मान वळवून तिने मागे पाहिलं, आणि तेवढ्यात तिच्या खांद्यावरून त्याला आतलं थोडं दिसलं. टेबलाची कड. पटावर दोन गुलाबी गलबतं, एकमेकांना पुन्हा बांधलेली. लिफ्टवाला आणि सिस्टर दोघंही त्याच्या खुर्चीकडे तोंड करून, पुढचं वाक्य ऐकायला उत्सुक. खुर्चीची पाठ दाराकडे होती. खुर्चीच्या हातावर एक हात टेकलेला, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, बोटांना पांढरी भुकटी. अंगठ्यावर तापलेल्या सुरीचा जुना डाग.

दाढोबाने आपला अंगठा पाहिला.

खुर्चीवरचा हात उचलला गेला. बोटांत दुसरी, नवी हिरवी पेन्सिल होती. ती खुर्चीच्या पाठीपलीकडे गेली, आणि त्या शांततेत लाकडावर दात घासल्याचा आवाज आला.

"कोण आहे वहिनी?" लिफ्टवाल्याने आतून विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. मग दाढोबाकडे वळली आणि आवाज खाली आणला. "आज राहू दे ना. इतक्या दिवसांनी..." तिने हात बाहेर काढला आणि त्याच्या खांद्यावरची भुकटी झटकली. लग्नापासून ती हे करत आली होती, न बोलता, कामावर जाताना येताना. त्याचे डोळे भरून आले.

"अगं, मी आहे ना इथे," तो म्हणाला. "मी आहे."

"काळजी करू नकोस," ती म्हणाली, अगदी मायेने. "तुझा डाव छान चाललाय."

आणि तिने दार लावून घेतलं. आजाऱ्याच्या खोलीचं लावतात तसं, आवाज न करता.

तो जिन्याच्या टप्प्यावर उभा राहिला. पुन्हा ठोठावायला त्याने हात उचलला होता. पण तक्रार काय करायची? नसलेल्याने तक्रार करायची नसते, हे चौघांनी मिळून ठरवलेलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने हो तोच म्हणाला होता. आत फासे पडले. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि चौघं हसले. त्याने ऐकलं नीट. चौघंच होते.

शीळ दारातून अगदी स्पष्ट येत होती. दाढोबाने ओठ उघडले आणि हसून पाहिलं, एकट्याने, त्या जिन्यात. नुसताच श्वास बाहेर आला. त्याने जिभेने समोरचे दोन दात चाचपले. गुळगुळीत होते, एकमेकांना घट्ट चिकटलेले. काम चोख होतं त्याचं. वारासुद्धा जाईना.